उभं राहायला पाय लागतो

१२ फेब्रुवारी

प्रिय काकू,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पायावरची जाळी सोडली तेव्हा जखमेतलं सडलेलं खाऊन ती साफ करायला आत सोडलेल्या अळ्या पूर्ण वाढून मेलेल्या होत्या, असं मी लिहिलं होतं. मेलेल्या होत्या हे खरं. पूर्ण वाढलेल्या मात्र नव्हत्या. तिळापेक्षा थोड्या मोठ्या, चपट्या, करड्या, एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

फरक तुला किरकोळ वाटेल. पण काकांच्या डॉक्टरांनी तुझ्याकडे त्या वेळची हकीकत मागितली आहे, आणि ती वाचून ते काकांच्या पायावर अळ्या लावायच्या की नाहीत हे ठरवणार आहेत. तेव्हा माझी ती ओळ गिरवून काळी करू नकोस. काकांनी शिकवलंय तसं कर. एक रेघ मार आणि वर बरोबर लिही.

चुकीचं का लिहिलं याचाही मी विचार केला. काका त्या दिवशी म्हणाले होते, "खाऊन खाऊन फुगून मेल्या. पाय खाल्ला पोरीच्या अळ्यांनी." मी रडत होते. मग घरात सगळे तसंच सांगायला लागले, आणि मलाही तसंच आठवायला लागलं.

खरं काय ते मागच्या आठवड्यात कळलं. आमच्या हॉस्पिटलात एक रंगारी येतो, त्याच्या टाचेच्या जुन्या जखमेवर अळ्या लावल्या होत्या. त्याने अंघोळीसाठी पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि सोडायची विसरला. मी जाळी उघडली तर हुबेहूब तेच दृश्य. मोठ्या सिस्टर मागून बघत होत्या, म्हणाल्या, "गुदमरल्या बिचाऱ्या." अळ्या तोंड जखमेत खुपसून बसतात आणि मागच्या टोकाने श्वास घेतात. वरून हवा बंद केली की संपल्या. मग त्या सडतात, आणि जी घाण त्या साफ करणार होत्या ती दुप्पट होते.

बाबांच्या पायाला मी सुती कापड बांधलं होतं. सैल. शपथेवर सांगते. अळ्या लावून दुपारी मी ड्यूटीला निघाले, त्यानंतर बाबांजवळ कोण होतं?

काकांच्या पायाला वास येतो का, ते कळव. आणि बाबा कसे आहेत? मी फोन केला तर अजून "काकूला देतो" एवढंच म्हणतात.

तुझी,
मुंगी

१७ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र पोचलं. फोन ह्यांच्या उशाशी असतो, म्हणून लिहितेच आहे. अक्षराला हसू नकोस.

ओळ दुरुस्त करून डॉक्टरांना दिली. ते तरुण आहेत, दाढीसुद्धा नीट उगवलेली नाही, पण बोलतात धीराने. वाचून म्हणाले, "अळ्या लहान असताना मेल्या? मग त्यांनी पाय खाल्ला कसा?" मी म्हटलं, मला काय कळतंय, मी आपली भाकऱ्या भाजणारी बाई. हे पलंगावरून ऐकत होते. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. एरवी डॉक्टरांचं व्याकरण काढतात.

ह्यांच्या पायाचं विचारतेस तर नडगीवरची जखम आता तळहाताएवढी आहे. मधे पिवळट चिकट थर, कडा काळ्या. वास येतो. उदबत्ती लावली तर हे ओरडतात की मी मेलोय का. सर्जनने सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत साफ झाली नाही तर गुडघ्याखाली कापायचा. एका घरात दोन भाऊ, दोघांत मिळून दोन पाय. शेजारीण म्हणाली, चपलांचा एकच जोड पुरेल. तिच्या जिभेला हाड नाही, पण मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

डॉक्टर म्हणतात, अळ्या लावायच्या तर तुमच्याच पुतणीच्या हॉस्पिटलातून येतात. तूच घेऊन आलीस तर बरं होईल. जुनं उकरून काय मिळणार, पोरी? दोन वर्षं झाली. भाऊजी लाकडी पायाने अंगणापर्यंत चालतात. तू चूक केलीस असं मी तरी कधी म्हटलं का? झालं गेलं सोडून दे आणि ये.

काकू

२१ फेब्रुवारी

प्रिय काकू,

मी विचारलं होतं की त्या दुपारी बाबांजवळ कोण होतं. तू त्याचं उत्तर दिलं नाहीस. चपलांच्या जोडाचं सांगितलंस.

मी नाराज आहे, आणि ते लपवून लिहिलं तर खोटं होईल. मला वाटतं, तूच होतीस. त्या जाळीतून तांबूस पाणी गळतं, गादी खराब होते, आणि गाद्या तूच उन्हात टाकतेस. तू स्वयंपाकघरातलं प्लास्टिक आणून गुंडाळलं असशील. त्यात वाईट हेतू नसेल. आमच्याकडेही नातेवाईक असं करतात, म्हणून तर हल्ली आम्ही दहादा बजावतो. त्या वेळी मी एकदाच सांगितलं होतं, आणि ते बाबांना, औषधाच्या गुंगीत असताना.

पण तू तेव्हा का बोलली नाहीस? बाबांचा पाय कापून त्यांना घरी आणल्यावर काकांनी मला पुढच्या खोलीत उभं केलं. शिकवणी चालू होती. बाकांवर बारा-तेरा मुलं होती, बाबा चाकाच्या खुर्चीत होते, तू दारात होतीस. काका म्हणाले, "घरातला नियम घरातल्याच माणसाला माफ केला तर तो नियम कसला?" मी त्यांच्याकडे अक्षर गिरवायला बसत होते तेव्हापासूनचा नियम. चूक झाली की उठायचं, मी काय केलं ते सांगायचं, काय करायला हवं होतं ते सांगायचं, मग बसायचं. मी उभी राहिले. म्हटलं, "बाबांचा पाय माझ्या चुकीने गेला. मी अळ्या लावायला नको होत्या." काकांनी मुलांना सांगितलं, "बघा, हिला शिकवलंय म्हणून कबूल तरी करते." मग म्हणाले, "बस." तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत.

तू दारात उभी होतीस, काकू. एक शब्द बोलली असतीस तर मला बसता आलं असतं.

मुंगी

२६ फेब्रुवारी

मुंगे,

माझ्यावर आळ घेतलास. तीस वर्षं ह्या घरात सगळ्यांचं उष्टं-खरकटं काढलं, पण कुणी असा आळ घेतला नव्हता. आता ऐक.

त्या दुपारी मी बाजारात गेले होते. आले तेव्हा भाऊजींच्या पायाला पांढरं प्लास्टिक होतं, वह्यांना घालतात ते, आणि वरून घट्ट चिकटपट्टी. कव्हर घातल्यासारखं, कोपरे सुद्धा दुमडलेले. असे कोपरे ह्या घरात एकच माणूस दुमडतो. मी विचारलं, "हे काय?" हे म्हणाले, "चार वाजता मुलं येणार. हे गळतंय, वास मारतोय. पालक काय म्हणतील? मास्तरच्या घरात माणूस जिवंतपणी किडतोय म्हणतील." मी म्हटलं, मुंगीला विचारा. हे म्हणाले, "तिला अक्षर मी शिकवलं. मी तिला विचारू?"

तुझ्या बाबांना जाग आली, त्यांनीही विचारलं. ह्यांनी सांगितलं, "तुझ्या मुलीनेच सांगून ठेवलंय, वरून बांधा म्हणून."

आता कळलं ना ते का बोलत नाहीत? त्यांच्या लेखी प्लास्टिक तुझं. आणि मग तू स्वतःच उभी राहून कबूल केलंस.

तू तिसऱ्या दिवशी येणार होतीस, त्या सकाळी ह्यांनी ते कापून काढलं आणि बंबात टाकलं. तोवर ताप चढला होता. हॉस्पिटलच्या जिन्यात मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "कुणी हवा बंद केली होती का? प्लास्टिक, मेणकापड, काही?" हे म्हणाले, "छे." मी शेजारी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा करत राहिले.

का बोलले नाही ते विचारू नकोस. ज्याच्या घरात राहायचं त्याला खोटं पाडून संध्याकाळी त्याच्याच ताटात वाढायचं, हे लिहायला सोपं आहे.

आता तू येणार नाहीस, ठाऊक आहे मला. सर्जनने आता पंधरा मार्चनंतरची तारीख धरली आहे.

काकू

१ मार्च

प्रिय काकू,

तुझ्यावर आळ घेतला तो चुकीचा होता. तो मी मागे घेते. तू गप्प राहिलीस त्याबद्दल मात्र काही मागे घेत नाही.

मी येणार आहे.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आमच्याकडे माशांची खोली आहे, तिथे हिरव्या चकचकीत माशा अंडी घालतात. ती अंडी धुऊन, जंतू मारून, मग त्यातून निघालेल्या अळ्या जाळीच्या पिशवीत भरतात. न धुतलेल्या अळ्यांची बरणी वेगळ्या फळीवर असते. परवा मी त्या बरणीसमोर उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ उभी आहे. दिसायला दोन्ही सारख्याच. काकांचा पाय चार दिवसांत काळा पडला असता, आणि मी म्हटलं असतं, "खाऊन खाऊन फुगल्या."

मी घाबरून मोठ्या सिस्टरांकडे गेले. नाव न सांगता विचारलं, ज्या माणसाचा मला भयंकर राग आहे त्याची पट्टी मी करावी का?

त्या म्हणाल्या, "राग हात धुतल्यावर जातो?"

"नाही."

"जंतू जातात?"

"जातात."

"मग हात धू आणि जा. आम्हाला रागाचं काय करायचंय? ह्या वॉर्डात मला आवडणारा पेशंट अजून यायचाय."

तरी मी त्यांनाच पिशवी भरायला सांगितली आहे. सील त्या करतील, आणि ते तुझ्या दाढी न उगवलेल्या डॉक्टरांनी स्वतः फोडायचं. मी एकटी काकांच्या पायाला हात लावणार नाही. माझ्यावर माझाच भरवसा नाही, आणि पुन्हा कुणी माझ्याविरुद्ध काही बोलू शकेल अशी फट मला ठेवायची नाही.

आता मला काय हवंय ते सांगते. मला काकांचा पाय वाचायला हवा आहे. प्रेमाने म्हणत नाही. पाय गेला तर लोक त्यांच्यासाठी हळहळतील. बिचारे सर, म्हणतील. मुलं खुर्ची ढकलायला धावतील. बाबासुद्धा त्यांची कीव करतील, एका लंगड्याला दुसऱ्याची येते तशी. खुर्चीतल्या माणसाला कुणी उठ म्हणत नाही. उभं राहायला पाय लागतो. मला त्यांना स्वतःच्या दोन पायांवर, त्या पुढच्या खोलीत, त्यांच्याच नियमाने उभं राहिलेलं बघायचं आहे. आणि पुढे रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना त्यांना आठवायला हवं की तो कुणी ठेवला.

सोमवारी, अकरा मार्चला, मी पिशवी घेऊन येते. जखमेच्या कडांना मलम, वर जाळी, वर ओलसर कापड, बस. दुसऱ्या दिवसापासून अळ्या मोठ्या होतात, तेव्हा त्यांना वळवळ जाणवेल आणि दुखेल. गोळ्या लिहून देते, वेळेवर दे. दुखणं लांबवावं असं माझ्या मनात आलं होतं, हेही लिहून टाकते. गोळ्या अडवू नकोस. प्लास्टिकचा तुकडा घरात ठेवू नकोस, वह्यांची कव्हरंसुद्धा नाही.

गुरुवारी जाळी उघडायची. गुरुवारी सकाळी शिकवणी असते, मला माहीत आहे. उघडण्याच्या आधी मी पुढच्या खोलीत जाणार आणि उभी राहणार. तिथे मी एकदा खोटं बोलले आहे, आणि चूक जिथे केली तिथेच, त्याच लोकांसमोर दुरुस्त करायची, असं त्यांनीच शिकवलंय.

मुंगी

५ मार्च

मुंगे,

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि चार वेळा काढून वाचलं.

ह्यांना सांगितलं की मुंगी येतेय. पहिला प्रश्न काय, "ती त्यात काही घालणार नाही ना?" मी म्हटलं, "काय घालेल?" तर म्हणाले, "डॉक्टर समोर असू देत." मी म्हटलं, तिनेच आधी तसं लिहिलंय. तेव्हा तोंड भिंतीकडे केलं. मुली, हा माणूस रात्रंदिवस घाबरलेला आहे. कापायला घाबरत नाही एवढा तुझ्या पिशवीला घाबरतो. एवढं पुरे नाही का तुला?

परवा मी धीर केला. म्हटलं, मुंगीला सगळं कळलंय, मी सांगितलं. मला वाटलं भांडं फेकतील. पण म्हणाले, "पाय बरा झाला की मीच धाकट्याला सांगेन. दोघं असताना. तिला म्हणावं, मुलांसमोर नको." तीस वर्षांत ह्यांच्या तोंडून "नको" ऐकलं ते पहिल्यांदा. एरवी "नाही" असतं.

माझं ऐक. जाळी शुक्रवारी उघड. डॉक्टर म्हणाले शुक्रवारी सकाळपर्यंत चालेल. शुक्रवारी मुलं नसतात. तू, मी, भाऊजी, हे. दार लावून घेऊ. सांग काय सांगायचं ते, मीसुद्धा बोलेन तुझ्या बाजूने. पण ती मुलं घरी जाऊन सांगतील, शिकवणी बंद पडेल, आणि उरलेली वर्षं मला त्या घुम्या माणसाबरोबर ह्या खोल्यांत काढायची आहेत. तू तर गाडीत बसून जाशील.

भाऊजींना अजून काही बोलले नाही. काल त्यांनी आपण होऊन विचारलं, "ती येणार आहे म्हणे?" मी हो म्हटलं. त्यांनी सदरा इस्त्रीला टाकायला सांगितला. मग म्हणाले, "नको, राहू दे." मी टाकलाय.

काकू

७ मार्च

प्रिय काकू,

इस्त्रीचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि मग पुन्हा उचललं.

शुक्रवारचा मी खरंच विचार केला. तू म्हणतेस ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, शुक्रवारी सकाळीही उघडता येईल. म्हणजे गुरुवार निवडते ती मी, जखम नव्हे. हे मला स्वतःपासून लपवायचं नाही.

आणखी एक अडचण होती, ती तुला सुचली नाही. पेशंटची गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, असा आमचा नियम आहे, आणि तो मी मोडणार नाही. म्हणून काकांच्या पायाबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. तो पलंगावर, पडद्याआड, जाळीत राहील. दार मात्र उघडं राहील, म्हणजे त्यांना ऐकू येईल. पाय बांधलेला असताना त्यांना उठून जाता येणार नाही, हेही मी धरलेलं आहे.

बोलणार ते माझ्याबद्दल. "दोन वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून सांगितलं की बाबांचा पाय माझ्या चुकीने गेला. ते खोटं होतं. मी कापड बांधलं होतं. त्यावर प्लास्टिक मी बांधलं नाही, आणि बांधा असं मी कुणाला सांगितलेलं नाही." एवढंच. कुणी बांधलं हे मी उच्चारणार नाही. वहीच्या कव्हरचे कोपरे त्या खोलीत कोण कसे दुमडतं, हे त्या बाकांवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. बाबांनाही. त्यांच्याच वहीवर लहानपणी त्यांच्या भावाने कव्हर घातलं असेल.

बाबांच्या पायाबद्दल बोलायला बाबांची परवानगी लागते. ती मी सोमवारी त्यांच्यासमोर बसून मागेन. ते नाही म्हणाले तर मी तोंड उघडणार नाही. तेवढा एकच माणूस मला थांबवू शकतो. "काकूला देतो" म्हणाले, तर तू तिथे ये आणि माझ्याऐवजी तू विचार. तेवढं तू माझं देणं लागतेस.

काकांना सांग, पाय बरा झाल्यावर नाही. पाय बरा झाल्यावर त्यांना उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, ते वेगळं, आणि त्याची वाट मी बघेन. त्यांच्या पायावर नवी लाल कातडी येताना मी दर आठवड्याला पट्टी करायला येणार आहे. एकही आठवडा चुकवणार नाही. बोलणार काही नाही. फक्त जखम मोजेन आणि त्यांच्याकडे बघेन.

तुझ्या उरलेल्या वर्षांबद्दल मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण ती वर्षं माझ्या बाबांच्या न बोलण्यावर उभी राहणार असतील तर मला ती वाचवायची नाहीत. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, हे लिहून ठेवते.

शिकवणीच्या मुलांना सुट्टी देऊ नकोस. बाबांची खुर्ची पुढच्या खोलीत, खिडकीजवळ ठेव. सोमवारी, अकरा तारखेला, जाळी बांधेन. बाबा हो म्हणाले, तर गुरुवारी, चौदा मार्चला, सकाळी दहा वाजता, जाळी उघडायच्या आधी, मी उभी राहीन.

मुंगी